सिरदाराचा कान

आमच्या क्वार्टरमधली भांडी दिवसातून दोनदा आपोआप वाजायची. शेजारच्या उघड्या खदानीत सुरुंग उडाला की आधी पायाखालची फरशी थरथरायची, मग मांडणीवरचे पितळेचे गंज, म्हणजे पातेली, एकमेकांवर आदळायचे आणि त्यानंतर, एक श्वास घेऊन सोडावा इतक्या वेळानं, आवाज यायचा. जमिनीतून येणारा धक्का हवेतून येणाऱ्या आवाजाच्या आधी पोचतो हे मी पुढे नागपूरला बी.एस्सी.ला शिकले. माझ्या आईला ते कुणी शिकवलं नव्हतं. फरशी हलली की ती हातातलं काम टाकून गंज धरायची आणि म्हणायची, "आता वाजते पाहा." आणि वाजायचं. भिंतीचा पोपडा पडायचा, वरणात चुन्याचे कण तरंगायचे. ते चमच्यानं काढून टाकून आम्ही पुढे जेवायचो.

सावनेरच्या बाजूची ती वस्ती. खदानीचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं काम केलेली माणसं आणि त्यांची मुलं अजून आहेत. एक उघडी खदान होती आणि तिच्या पलीकडे आमची, जमिनीखालची. आमच्या खदानीत उतारानं आत जायचं. आतला कोळसा काढताना छत तोलून धरायला कोळशाचेच जाड खांब सोडलेले असत. मग एक दिवस ते खांबही कापून काढायचे आणि मागचं छत आपल्या वजनानं पडू द्यायचं. ते पडायच्या आधी माणसं बाहेर आली पाहिजेत, एवढीच त्या कामातली अक्कल. माझे बाबा, तुळशीराम, तिथं सिरदार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी काठीनं छत ठोकून बघायचं, आवाज ऐकायचा आणि माणसं आत सोडायची की नाही ते ठरवायचं, हे सिरदाराचं काम. खणखणीत वाजलं तर पक्कं. भद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला. बाबांचा कान त्या भागात नावाजलेला होता. तुळशीरामच्या पाळीत कुणाच्या डोक्यावर दगड पडला नाही, असं लोक आमच्या दारात बसून सांगायचे, आणि बाबा तंबाखू मळत ऐकल्यासारखं करायचे.

ऐकल्यासारखं, हा शब्द मी आज लिहिते आहे. तेव्हा मला तो सुचला नसता.

आमच्या वस्तीत सगळेच ओरडून बोलायचे. खदानीतली हवा ओढणारा मोठा पंखा रात्रंदिवस घरघरत असे, दोरखंडावर कोळशाचे डबे चढायचे-उतरायचे. त्या गोंगाटात ज्याला बोलायचं त्याला आवाज चढवावाच लागे. आई सांडगे घालतानासुद्धा ओरडून बोलायची. भांडणंही तशीच. बायका नळावर घागरींनी मारामारी करायच्या, माणसं पगाराच्या दिवशी एकमेकांची डोकी फोडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाळीत खांद्याला खांदा लावून उतरायची. आमच्या घरात बाबांचा हात उठायचा. आईवर, माझ्यावर. का उठला ते पुष्कळदा कळायचं नाही. आई म्हणायची, "अहो, मीठ देऊ का?" आणि बाबांची थप्पड बसायची. एकदा शेजारच्या दोघांना हसताना पाहून ते उठले आणि त्यातल्या एकाच्या तोंडावर खदानीत न्यायची लोखंडी बत्ती हाणली. त्याचे दोन दात अंगणात पडले. तो माणूस रडत सांगत होता की आम्ही सिनेमाचं बोलत होतो. बाबा त्याच्या ओठांकडे बघत उभे होते, रक्तानं भरलेल्या त्या ओठांवरून त्यांना काहीच कळत नव्हतं.

मला कळलं ते दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर. मी कॉलेजसाठी नागपूरला सक्करदऱ्यात मावशीकडे राहायची, सुट्टीत घरी यायची. दूर राहून आलेल्या माणसाला घरातलं दिसतं. बाबा बाजेवर पाठमोरे बसले होते, आई पाण्याला गेलेली, स्टोव्हवर कुकर. शिट्ट्या होत होत्या. चार झाल्या, पाच झाल्या, कुकर ठणाणा करत होता. बाबा शांतपणे कैरी किसत होते. त्यांना तक्कू स्वतःच्या हातचाच लागायचा, गूळ आणि भिवापुरी तिखट घालून. मी त्यांच्या मागे जाऊन हळूच म्हणाले, "बाबा." मग जरा मोठ्यानं. मग अगदी मोठ्यानं. किसण्याची लय चुकली नाही. मी समोर आले तेव्हा ते दचकले आणि मग म्हणाले, "कुकर बंद कर वं, किती शिट्ट्या झाल्या." त्यांनी वाफ पाहिली होती.

सिरदार व्हायच्या आधी आठ वर्षं त्यांनी ड्रिल चालवलं होतं. खांद्याला टेकवून, कानाशी. कापूस घालायची पद्धत नव्हती. दरवर्षी दवाखान्यात कानाची तपासणी व्हायची, काचेच्या पेटीत बसवून. त्यात ते दरवर्षी पास व्हायचे. कसे, ते त्यांनी मला म्हातारपणी सांगितलं. पेटीच्या काचेत कंपाउंडरच्या हाताचं प्रतिबिंब दिसायचं. त्याचं बोट हललं की बाबा बटण दाबायचे.

त्याच सुट्टीत नागपूरहून मोहरील सर आले. खडकातल्या आवाजावर संशोधन करणारा तिशीतला बारीक माणूस, चष्मा दोऱ्यानं डोक्याला बांधलेला. खडक तुटायच्या आधी आत बारीक तडे जातात, प्रत्येक तड्याचा आवाज होतो, माणसाच्या कानाला तो येत नाही पण यंत्राला येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी छतात भोकं पाडून बोटाएवढे पोलादी जिओफोन बसवले, तारा वर आणल्या आणि उताराच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत टेप आणि कागदावर रेघ ओढणारं यंत्र मांडलं. त्यांना कुणीतरी हवं होतं जे कानाला हेडफोन लावून बसेल आणि दर दहा मिनिटांत किती टकटक झाली ते लिहून ठेवेल. बायकांना जमिनीखाली जायची तेव्हा बंदी होती. पण पत्र्याच्या खोलीत बसायला हरकत नव्हती. फिजिक्सवाली पोरगी म्हणून माझं नाव शालिककाकांनी सुचवलं.

शालिककाका आमच्या भिंतीपलीकडचे. छताला लाकडी खांबांचा टेकू देणारे मिस्त्री. ढोल्या पोटाचे, हसरे. काकूंना सगळी वस्ती बेबीकाकू म्हणायची. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मी अर्धी त्यांचीच. काकूंच्या हातच्या पाटोड्या झाल्या की भिंतीवरून आधी माझी वाटी यायची.

त्या खोलीत मी पहिल्यांदा हेडफोन लावले तेव्हाचं मला अजून आठवतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन, पत्रा तापलेला. आणि कानात एकदम दीडशे फूट खालची जागा. डब्यांची घडघड, कुणाचं तरी खोकणं, पाणी. मग त्या सगळ्याच्या मागे, एक टक. नंतर बराच वेळ काही नाही. पुन्हा एक टक. लाकडी पेटी रात्री आपोआप कुरकुरते तसा. मोहरील सर म्हणाले, "हे छत आहे. ते जड झालंय आणि सांगतंय." मी चाळीस वर्षं पुढे याच धंद्यात काढली. बोगदे, धरणं, पूल, बॉयलर, जे जे तुटू शकतं त्याला कान लावून बसले. आता माझे विद्यार्थी पडद्यावर रंगीत ठिपके बघतात, ऐकत कुणी नाही. पण आधी ऐका असं मी अजून त्यांना सांगते, आणि ते मान डोलावतात.

तिसऱ्या आठवड्यात टकटक वाढली. दहा मिनिटांत चार-पाच असायची ती वीस झाली, मग चाळीस. त्या भागातले शेवटचे दोन खांब कापणं चालू होतं. मोहरील सर कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. दोन दिवस माणसं काढा म्हणाले. मॅनेजर कागद न बघता म्हणाले, "सिरदार ने ठोक के देख लिया है ना?" बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले, "छत पक्कं आहे साहेब." सगळे त्यांच्याकडे बघत होते, ते सगळ्यांच्या ओठांकडे.

मी त्या संध्याकाळी घरी बोलले. आई भाकरी थापत होती. मी बाबांच्या समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

"बाबा, तुमाले ऐकू येत नाही."

"कोण म्हणलं?"

"मी म्हणून राहिली. छत ठोकून तुमाले काय समजते मग?"

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "हे ऐकतात. काठी मारतो तवा दुसरा हात छताले लावून असतो. सुटलेलं छत हाताले कापते. समजलं?"

ते खरं होतं. जुने सिरदार असंच करत. पण हाताला कळतो तो वीतभर जाडीचा थर. त्यावर दोन पुरुष उंचीवर खडक फाटत असेल तर ना काठीला कळतं, ना हाताला. मी तेच सांगायला लागले. म्हणाले, "मी साहेबाले सांगते का तुमचे कान गेले." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी कमरेचा पट्टा काढला. बत्तीची बॅटरी अडकवायचा, रुंद, जाड चामड्याचा, पितळी कडीचा पट्टा. पहिला फटका खांद्यावर बसला, कडीनं कातडी उचलली. मी कोपऱ्यात सरकले तसे ते जवळ आले. मोजले नाहीत, पण पाठीवर झोपता येणार नाही इतके मारले. आई पिठाच्या हातानं मधे पडली, तिलाही बसले. तिच्या कपाळावर पिठात रक्त मिसळून लगदा झाला. बाबा थांबले ते दमून. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि खूप मोठ्यानं, त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं म्हणाले, "सिरदारी गेली तर मी कोन आहो? सांग न. कोन आहो मी?"

भिंतीपलीकडे सगळं ऐकू गेलं असणार. काकू हळद घेऊन आल्या. काही विचारलं नाही. मला पालथं झोपवलं आणि पाठीवर हळद लिंपली.

सकाळी पहिल्या पाळीला निघताना शालिककाका अंगणात भेटले, डबा हातात, डोक्याला फडकं. मी म्हणाले, "काका, आज नका जाऊ." त्यांनी विचारलं, "काहून?" मी म्हणाले, "मशीन सांगते." ते हसले. "तुह्या बापापरीस मशीन जास्त शिकली काय वं? तो म्हणला पक्कं, म्हणजे पक्कं." बाबा दहा पावलांवर पाठमोरे उभे राहून पट्टा आवळत होते. मी तिथंच मोठ्यानं बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. त्यांच्या मागे उभं राहून काकांना सगळं सांगता आलं असतं. पण माझी पाठ पेटली होती आणि मी गप्प राहिले. काका गेले.

दहा-साडेदहाला हेडफोनमधे मोजणं अशक्य झालं. लाह्या फुटाव्यात तशी टकटक, एकात एक. मोहरील सर मॅनेजरच्या केबिनबाहेर उभे होते, आत घेत नव्हते. मी हेडफोन फेकून शेजारच्या इंजिनघरात धावले. तिथं बंडूभाऊ होता, दोरखंडाचं इंजिन चालवणारा. एका पायानं अधू, जुन्या अपघातातला. खाली फोन जोडलेला होता, मूठ फिरवून वाजवायचा. मी म्हणाले, "बंडूभाऊ, खाली लाव. सगळ्यांना बाहेर काढायला सांग. छत येते." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रश्न न विचारता मूठ फिरवली. खाली घंटा वाजते ती वर बारीक ऐकू येते. वाजली. कुणी उचलला नाही. पुन्हा फिरवली. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. पुन्हा. पुन्हा. "उचला ना गा," तो फोनला म्हणत होता, "कोणी तं उचला." मी अकरा घंटा मोजल्या. मोजायची सवय झाली होती.

खाली त्या फोनपासून वीस पावलांवर बाबा उभे होते, फोनकडे पाठ करून. बाकीची माणसं दूर होती. त्यातल्या दोघांना घंटा ऐकू आली होती. सिरदार जवळ आहे, तो उचलेल, असं त्यांना वाटलं.

आधी फरशी हलली. मग इंजिनघराच्या काचा पडल्या. आणि मग उताराच्या तोंडातून वारा आला. इतकं छत एकदम पडलं की आतली हवा पिचकारीसारखी बाहेर फेकली जाते. काळ्या धुळीचा लोट, त्यात लाकडं, दगड, एक रिकामा डबा खेळण्यासारखा उलटत आला आणि बत्तीघराच्या भिंतीत घुसला. कान बंद झाले. तोंडात कोळसा. ते निवळल्यावर भोंगा सुरू झाला आणि वस्तीतून बायका धावत आल्या, कुणाच्या हातात लाटणं, कुणाचं पोर कडेवर. माणसं बाहेर येत होती, रांगत, एकमेकांना ओढत. बाबांना दोघांनी उचलून आणलं. वाऱ्यानं त्यांना भिंतीवर आपटलं होतं, गळपट्टीचं हाड मोडलेलं, दोन्ही कानांतून रक्त. शालिककाका आणि छिंदवाड्याकडचा गेंदलाल आले नाहीत. त्यांना काढायला तीन दिवस लागले. काकांचं जे बाहेर आलं ते पोत्यात बांधून आणलं आणि काकूंना बघू दिलं नाही. त्यांनी पोतं ओढलं, गाठ दातांनी तोडायला लागल्या, चार बायकांनी त्यांना धरून ठेवलं.

त्याच दिवशी वस्तीत बोललं जायला लागलं की मोहरीलनं छतात भोकं पाडली म्हणून छत पडलं. कुणी सुरुवात केली ते सांगता येणार नाही, पण ते खोटं आहे असं मॅनेजरनं म्हटलं नाही. अंत्ययात्रेवरून परतलेली माणसं सरळ पत्र्याच्या खोलीवर आली. मी आत होते, टेप गोळा करत. सब्बलीनं दार उचकटलं. रेघ ओढणारं यंत्र उचलून दगडावर आपटलं, टेपची रिळं आतडी काढावीत तशी उलगडली. सरांना बाहेर ओढलं. काकांचा धाकटा भाऊ त्यांच्या छातीवर बसून बुक्के मारत होता, प्रत्येक बुक्कीला एकच शब्द, "बोल. बोल. बोल." चष्म्याची काच त्यांच्या गालात रुतली. दुसऱ्या कुणी तरी त्यांच्या उजव्या हातावर पहार घातली, हाड मोडल्याचा आवाज मला आला. मी मधे गेले तर मला केसांना धरून फेकलं. पडल्यावर मला बाबा दिसले. गळ्यात झोळीत हात, रस्त्याच्या पलीकडे उभे. ते बघत होते. एक शब्द बोलले असते तर लोक थांबले असते. सिरदाराचं ऐकलं असतं.

रिळांपैकी दोन माझ्या ओढणीत होती. ती वाचली.

चौकशी खदानीच्या क्लबच्या हॉलमधे झाली, बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यासमोर. दार उघडं होतं आणि दाराशी खुर्चीवर बेबीकाकू बसल्या होत्या. मोहरील सर नागपूरच्या दवाखान्यात होते, त्यांचा लेखी जबाब वाचला गेला. मॅनेजर म्हणाले, सिरदारानं छत पास केलं होतं, आणि वरून धोक्याची सूचना गेल्याची खाली कुणालाही माहिती नाही. घंटा ऐकलेल्या त्या दोघांनी सिरदाराच्या समोर तोंड उघडलं नाही. अधिकारी समोरून, स्पष्ट बोलत होता. बाबांना कळत होतं. ते म्हणाले, "छत पक्कं होतं. फोन वाजला नाही." शपथेवर म्हणाले. त्यांच्या लेखी तो वाजलाच नव्हता. मग सगळे बंडूभाऊकडे वळले. तो म्हणाला, "मी लावला साहेब. मी लावत होतो." अधिकाऱ्यानं काहीतरी लिहिलं. बंडूभाऊनं फोन लावला नाही असं ते ठरणार होतं, आणि भोकं पाडणारा मोहरील. मेलेल्या दोघांचं ओझं बंडूभाऊ आणि सरांच्या मानेवर जाणार होतं.

मी उभी राहिले. म्हणाले, फोन वाजला, मी अकरा घंटा मोजल्या, माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. हॉलमधे एकदम गलका. आई पहिल्या रांगेत होती, तिनं डोळे मिटले. अधिकारी म्हणाला, दवाखान्याचे दाखले आहेत, कान व्यवस्थित असल्याचे, दरवर्षीचे. मी म्हणाले, दाखले राहू द्या, मी दाखवते. बाबा साक्षीदाराच्या खुर्चीत बसले होते, अधिकाऱ्याकडे तोंड करून. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, दोन हात अंतरावर. असं काहीतरी म्हणायला हवं होतं की जे ऐकल्यावर वळल्याशिवाय कुणाला राहवणार नाही. नाव पुकारून चाललं नसतं, मुद्दाम वळले नाहीत असं म्हणाले असते. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, शालिककाका आले. जिते आहेत."

बाबा हलले नाहीत. ते अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघत पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते. हॉलमधली सगळी डोकी दाराकडे वळली. आणि बेबीकाकू खुर्चीवरून उठल्या. पदर सावरला. एक हात पुढे करून दाराबाहेर दोन पावलं गेल्या. बाहेर ऊन होतं आणि कुणी नव्हतं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द नव्हता. त्या दारातच कोसळल्या, डोकं उंबऱ्यावर आपटून फुटलं.

बाबा तेव्हा वळले. सगळे दाराकडे बघताहेत हे पाहून. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना समजलं की काय केलं गेलं आहे, कसं ते समजलं नाही.

बंडूभाऊ सुटला. मोहरील सर सुटले, त्यांचा उजवा हात पुढे कधी सरळ झाला नाही. अहवालात सगळा दोष सिरदाराचा लिहिला गेला. मॅनेजरनं कागद न बघता परत केला होता, त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. मी सांगितलेलं खरं त्याच्या कामी आलं. ते कळण्याइतकी मी मोठी नव्हते, आणि आज कळूनही मी दुसरं काय करू शकले असते ते मला सांगता येत नाही. बाबांना काढून टाकलं. क्वार्टर सोडायच्या दिवशी काकांचे दोघे भाऊ आले. त्यांनी बाबांना अंगणात घेतलं आणि लाथांनी मारलं. बाबांनी हात उचलला नाही. मोडलेलं हाड पुन्हा मोडलं. मी आणि आई सामान टेंपोत भरत होतो. आई थांबली नाही, एक एक गंज पोत्यात घालत राहिली.

आम्ही सक्करदऱ्याला आलो, मावशीच्या मागच्या दोन खोल्यांत. आई इतवारीतल्या एका दुकानात धान्य निवडायला जायला लागली. बाबा माझ्याशी सहा वर्षं बोलले नाहीत, आणि त्यांनी पुन्हा कुणावर हातही उचलला नाही. मी शिकत राहिले. पीएच.डी.च्या कामात ती दोन रिळं ऐकत बसले असताना मला दिसलं की छत उंचावर फाटलं होतं. चांगल्या कानाच्या सिरदारालाही ते काठीनं कळलं नसतं. घरी येऊन मी हे बाबांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला. "पण फोन ऐकू आला असता," म्हणाले. सहा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी बेबीबाई काहून उठली होती वं?"

मी त्यांना लिहून सांगितलं. माझं वाक्य, जसं होतं तसं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. कपडे बदलले, चपला घातल्या आणि कुणालाही न सांगता निघून गेले. आई घाबरली. दिवस मावळायला ते परत आले, सावनेरच्या बसची धूळ अंगावर. पाय धुतले. मी त्यांच्या समोर जाऊन बसले.

"तिच्याकडे गेलो होतो," ते म्हणाले. "पाय धरले. तुह्याबी वतीनं धरले."

मी विचारलं, "काकू काही बोलल्या?"

"बोलली. लय वेळ बोलली." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "पण तोंडाले पदर लावून होती."